सँक्शन झालं, म्हणजे काय झालं?

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत परवा एक मुलगा उतारा सोडवत बसला होता. पाठ केलेल्या शब्दांची त्याची वही चांगली जाडजूड. उताऱ्यात एका देशावर दुसऱ्याने लादलेल्या ‘सँक्शन्स’चा उल्लेख होता. त्याने उत्तर निवडलं: मंजुरी दिली. चूक त्याची म्हणावी तरी कशी? आपल्याकडे कर्ज सँक्शन होतं, रजा सँक्शन होते. तोच शब्द अनेकवचनात, दोन देशांच्या बातमीत आला की निर्बंध होतो, हे वहीत नव्हतं. ‘ॲड्रेस’चंही तेच. प्रश्नाला पत्ता नसतो, तरी इंग्रजीत सरकार प्रश्न ‘ॲड्रेस’ करतं.

यूपीएससीच्या सीसॅटमध्ये २०० पैकी ३३ टक्के गुण मिळवले की पुरतं. पण चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात, आणि उताऱ्यांचे प्रश्न नेमके इथेच गोत्यात आणतात. चार पर्यायांतले दोन खरे वाटतात. त्यातला एक जगात खरा असतो, उताऱ्यात मात्र नसतो. आपल्या सामान्य ज्ञानावर विसंबणारी हुशार मुलं हमखास तिथे घसरतात.

म्हणून या अंकात शब्दांच्या याद्या नाहीत (त्या फुटपाथवर किलोने मिळतात). सहा उतारे आहेत. प्रत्येक शब्द त्याच्या वाक्यासकट वहीत उतरवा, आणि उत्तराला आधार देणारी ओळ पेन्सिलीने अधोरेखित करा. ओळ सापडली नाही, तर प्रश्न सोडून द्या.