तारे गाडीतल्यांचे, रस्ता सगळ्यांचा

वाहन उद्योगात दरवर्षी गौरवसोहळे होतात. कुणाला सर्वांत सुरक्षित गाडीचा मान मिळतो, कुणाला सर्वांत हरित गाडीचा. मग ते मानचिन्ह जाहिरातीत झळकते आणि शोरूमच्या काचेवर चिकटते. ते पाहून गोंदियातला शेतकरी, शिक्षक किंवा राइस मिलवाला गाडीची निवड करतो. या गौरवामागे तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. पुरस्कार हाच गुणवत्तेचा पुरावा आहे, गाडीला तारे मिळाले म्हणजे रस्ता सुरक्षित झाला आणि धूर दिसत नाही म्हणजे पर्यावरण राखले गेले. माझ्या मते ही तिन्ही गृहीतके अपुरी आहेत. सगळे पुरस्कार थोतांड आहेत, असे म्हणणारेही तितकेच चुकतात.

पहिले गृहीतक आधी घेऊ. जर्मनीतील एडीएसी ही वाहनचालकांची संघटना युरोपातल्या सर्वांत मोठ्या संघटनांपैकी एक. तिचा ‘गेल्बर एंगेल’ पुरस्कार फार प्रतिष्ठेचा मानला जाई. जानेवारी 2014 मध्ये उघड झाले की लोकप्रिय गाडीच्या मतदानाचे आकडे फुगवले होते. विजेत्या गाडीला 34 हजारांवर मते मिळाल्याचे जाहीर झाले होते, प्रत्यक्षात ती साडेतीन हजारही नव्हती. पुढे वाहन कंपन्यांनी आपले पुरस्कार परत केले. अमेरिकेतले उदाहरण याहून गंभीर आहे. तेथील ‘ग्रीन कार ऑफ द इयर’ हा मान 2009 साली फोक्सवॅगनच्या जेटा टीडीआयला आणि 2010 साली ऑडीच्या ए3 टीडीआयला मिळाला. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने कंपनीची लबाडी उघडी पाडली. चाचणी सुरू असल्याचे या गाड्यांमधले सॉफ्टवेअर ओळखत असे आणि तेवढ्यापुरते प्रदूषण रोखत असे. एरवी रस्त्यावर त्या मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड ओकत होत्या. दोन्ही मान काढून घ्यावे लागले. ज्या गाड्यांना हरित म्हणून मिरवले, त्यांनीच वर्षानुवर्षे लोकांच्या फुप्फुसात विष भरले. म्हणून परीक्षकांची पसंती आणि मोजून केलेली परीक्षा यांतला फरक ग्राहकाने ओळखला पाहिजे.

यावर लगेच उत्तर येईल की तारे तरी मोजूनच दिले जातात. हे खरे आहे. 22 ऑगस्ट 2023 रोजी नितीन गडकरी यांनी भारत एनकॅप हे गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणारे मूल्यांकन जाहीर केले आणि त्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरपासून ते लागू झाले. त्यात गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात, बाजूने 50 किलोमीटरच्या वेगाने धडक देतात. डिसेंबर 2023 मध्ये टाटा हॅरियर आणि सफारी यांना पहिले पाच तारे मिळाले. पण हे तारे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हेही पाहायला हवे. चाचणीतल्या पुतळ्यांना सीटबेल्ट बांधलेला असतो. आपल्याकडे मागच्या सीटवर बेल्ट बांधणे आजही अनेकांना कमीपणाचे वाटते. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी उत्तम होती, पण मागे बसलेल्यांनी बेल्ट बांधला नव्हता. वेगाचेही तसेच आहे. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी शंभरच्या वेगातली धडक ही चौसष्टच्या धडकेच्या जवळजवळ अडीचपट असते. मिळालेले तारे त्या वेगासाठी दिलेलेच नसतात.

खरा आक्षेप मात्र याहून मोठा आहे. हे तारे मुख्यतः मोटारीच्या आत बसलेल्यांचे आहेत. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांतली जवळपास 75 हजार दुचाकीवरची होती आणि जवळपास 33 हजार पायी चालणारी. मोटार, टॅक्सी, व्हॅन यांत बसलेले साधारण 21 हजार, म्हणजे आठांत एक. गोंदिया–कोहमारा रस्त्यावर कोण असते ते पाहा. मळणीच्या दिवसांत धानाची पोती भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात आणि त्यांपैकी कितीतरींना मागचा दिवाच नसतो. शाळेला सायकलने जाणाऱ्या मुली असतात, बाजाराला डोक्यावर टोपली घेऊन निघालेल्या बाया असतात, एकाच मोटारसायकलवर बसलेले अख्खे कुटुंब असते. यांच्या वाट्याला कुठला तारा आला? पायी चालणाऱ्याला गाडीची धडक किती लागेल याची अट तीन ताऱ्यांपासून पुढे घातली आहे, हे मान्य. पण जाहिरातीत ती अट कुणी मोठ्या अक्षरांत छापत नाही.

एसटीचेही तेच. 29 नोव्हेंबर 2024 रोजी सडक अर्जुनी तालुक्यात, याच कोहमारा–गोंदिया मार्गावर, दुचाकीला वाचवताना शिवशाही बस उलटली आणि 11 प्रवासी गेले. भारत एनकॅप चालकाखेरीज जास्तीत जास्त आठ आसनांच्या गाड्यांपुरते आहे. बसला त्यात जागा नाही. म्हणजे जिल्ह्यातली गरीब माणसे ज्या वाहनाने फिरतात, ते ताऱ्यांच्या हिशेबातच येत नाही.

आता हरित गौरव. विजेवरच्या गाडीला धुराची नळी नाही, हा तिचा मोठा गुण आहे. शहराची हवा त्याने सुधारते आणि विजेची मोटार इंधनाच्या इंजिनापेक्षा ऊर्जा कमी वाया घालवते. पण ‘शून्य प्रदूषण’ हा दावा गोंदियात कुणी करू नये. तिरोड्यात 3300 मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे आणि तो कोळशावर चालतो. चार्जिंगच्या वायरचे दुसरे टोक कोळशाच्या भट्टीत असेल, तर धूर थांबलेला नाही, त्याने गाव बदलले आहे. ज्या गावाने तो धूर पत्करला त्या गावाचे नाव गौरवपत्रात येत नाही. सूर्यावर चार्ज होणारी गाडी आणि कोळशावर चार्ज होणारी गाडी यांना एकाच पदकाने तोलणे अन्यायाचे आहे.

शिवाय पर्यावरण म्हणजे फक्त हवा नव्हे. नवेगाव–नागझिरा हा डिसेंबर 2013 मध्ये घोषित झालेला व्याघ्र प्रकल्प, आणि त्याच्या जंगलांना चिरत रस्ते जातात. 10 ऑगस्ट 2023 च्या रात्री मुरदोलीच्या जंगलात रस्ता ओलांडणाऱ्या तरुण वाघाला मोटारीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी तो दगावला. हवेत काहीही न सोडणारी मोटारसुद्धा तो वाघ मारू शकली असती.

म्हणून पुरस्कार बंद करा, असे काही लोक म्हणतात. मला ते मान्य नाही. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आपटून पाहिल्या आणि पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. देश हादरला. त्यानंतर पाच वर्षांच्या आत, डिसेंबर 2018 मध्ये, टाटा नेक्सॉनने पाच तारे मिळवले. लाजेने आणि स्पर्धेने उद्योग हलतो, याचा हा धडधडीत पुरावा आहे. जाहीर मूल्यमापन नसते तर आपण अजून पत्र्याच्या डब्यातच फिरत असतो.

तेव्हा गौरव जरूर करा, पण त्याला तीन कसोट्या लावा. पहिली कसोटी स्वतंत्र मोजणीची. गाडी बाजारातून उचललेली असावी, निकाल पूर्णपणे जाहीर व्हावा आणि खोटेपणा सापडला तर मान परत घेतला जावा. दुसरी कसोटी बाहेरच्याची. पादचारी, सायकलस्वार, मोटारसायकलवाला आणि जंगलातले जनावर यांना या नव्या शोधाने किती वाचवले, याला गुण हवेत. तिसरी कसोटी वाटून घेण्याची. 1959 साली व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी तीन बिंदूंचा सीटबेल्ट तयार केला आणि कंपनीने तो इतर सर्व उत्पादकांना वापरू दिला. त्याने किती जीव वाचले याची गणती नाही. माझ्या लेखी वाहन उद्योगातला तो सर्वांत मोठा सन्मान आहे, कारण तो शोध महागड्या गाडीत कोंडून राहिला नाही.

या कसोट्यांवर विदर्भातले एक काम खरे उतरते. नागपूर–सिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात, महाराष्ट्राच्या हद्दीत, जनावरांना रस्त्याखालून जाता यावे म्हणून नऊ मार्ग बांधले. काही 50 मीटरचे, सर्वांत मोठा 750 मीटरचा. भारतीय वन्यजीव संस्थेने कॅमेरे लावून नोंदी घेतल्या, तेव्हा वाघांसह 18 प्रकारचे वन्यप्राणी त्यांखालून जाताना दिसले. इथे सुरक्षा आणि पर्यावरण वेगळे राहिले नाहीत. वाघ वाचला आणि रात्रीचा चालकही वाचला. हे काम कोर्टकचेऱ्यांनंतर, पाठपुराव्यानंतर झाले, म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

मुरदोलीला असेच मार्ग हवेत. ते होईपर्यंत तिथे रात्रीच्या वेगावर कडक मर्यादा हवी. एसटीच्या बसलाही मोटारीसारखी जाहीर श्रेणी हवी. प्रत्येक ट्रॉलीला मागे लाल परावर्तक पट्टी हवी आणि ती धानाच्या हंगामाआधी लावली गेली पाहिजे. गोंदियाच्या वाचकाला माझी विनंती एवढीच. गाडी घ्यायला गेलात तर पदक विचारू नका, चाचणीचा अहवाल मागा. मागच्या सीटवरच्या आईला बेल्ट बांधायला लावा. आणि पुढच्या वेळी आमदार, खासदार दारात आले की त्यांना विचारा, पायी चालणाऱ्यासाठी तुम्ही काय केले? जो हे उत्तर देऊ शकेल, गौरव त्याचाच करा.