पांढऱ्या चट्ट्याला घाबरू नका, तपासा




तोंडाच्या कर्करोगाबद्दल जागृती करणाऱ्या फलकांवर सडलेला जबडा हमखास असतो. हेतू चांगला आहे, पण गोंदिया जिल्ह्यातल्या इटियाडोह, गोठणगाव, अर्जुनी मोरगावच्या पट्ट्यात त्याचा परिणाम उलटा होतो, असे माझे मत आहे. तो जबडा पाहून तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडणारे थोडेच. गालाच्या आत पांढरे दिसले की 'आता झालंच' म्हणून तोंड लपवणारे मात्र बरेच.

तोंडातले प्रत्येक पांढरे म्हणजे कर्करोग नव्हे. दात मिटतात त्या ओळीत गालावर उमटणारी रेघ निव्वळ घर्षणाची, तिला औषध लागत नाही. तुटक्या दाताची कड किंवा सैल कवळी घासून जाड झालेली जागा, ती कड गुळगुळीत केली की निवळते. गाल ताणल्यावर नाहीसा होणारा दुधाळ पडदा हा आजारच नाही. दह्याच्या कवडीसारखा थर पुसल्यावर निघाला आणि खाली लाल दिसले, तर ती बहुधा बुरशी. ती औषधाने जाते. पण रक्तातली साखर तपासून घ्यावी. दम्याचा पंप घेणाऱ्याने चूळ भरावी, कवळी रात्री काढून ठेवावी.

आपल्याकडचा खरा प्रश्न खर्ऱ्याच्या चट्ट्याचा. घोटलेला खर्रा जिथे दाबून धरतात, नेमकी तिथलीच कातडी पांढरी, सुरकुतलेली होते. खर्रा सोडला तर असा चट्टा बहुतेकदा दोन ते सहा आठवड्यांत मावळतो. ही दिलाशाची गोष्ट फलकावर कोणी लिहीत नाही! चट्ट्याचे कारण दूर करून दोन आठवड्यांनी डॉक्टरांना पुन्हा दाखवायचे. कमी होत असेल तर पूर्ण जाईपर्यंत लक्ष ठेवायचे, जसाच्या तसा असेल तर तुकडा काढून तपासायचा. कात्री लागली की रोग पसरतो, ही भीती निराधार आहे. मात्र चट्ट्यात लाली असेल, तो हाताला कडक लागत असेल किंवा तोंडात उभी तीन बोटे जात नसतील, तर दोन आठवडेही थांबू नये. तोंड आखडण्याचे मूळ सुपारीत आहे. 'आम्ही तंबाखू घालत नाही' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आखडलेले तोंड नुसती सुपारी सोडून पूर्ववत होत नाही.

तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्रमय इशारा २०१६ पासून सक्तीचा आहे. पण खर्रा येतो साध्या पन्नीतून. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, तरी पानठेल्यावरचे घोटणे थांबलेले नाही. म्हणजे इशारा खर्रा खाणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही; पोहोचू शकते ती गावची आरोग्य स्वयंसेविका, आशाताई. दोन आठवड्यांत बरा न झालेला पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, हा प्रश्न तिच्या तपासणी अर्जात आहेच. अडचण अशी की तो अर्ज तिशीपुढच्यांसाठी आहे आणि खर्रा शाळेच्या वयात सुरू होतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. या तालुक्यात वयाची अट शिथिल करावी. भाताच्या रोवणीच्या दिवसांत बायांची टोळी बांधावर एकत्र असते. तिथेच आशाताईने टॉर्च घेऊन तोंडे पाहावीत. दातांना तंबाखूची गुडाखू घासणाऱ्या बायांना फलकावर जागाच नसते, त्या इथे सापडतील. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते त्या गावी दंतवैद्याने बसावे. ज्याच्या तोंडात चट्टा दिसेल त्याला आजची आणि दोन आठवड्यांनंतरची अशा दोन तारखा लिहिलेले कार्ड द्यावे. दुसऱ्या तारखेला चट्टा तसाच असेल, तर तुकडा ग्रामीण रुग्णालयातच घेऊन नमुना तेवढा गोंदियाला किंवा नागपूरला पाठवावा. रोजंदारी बुडवून नागपूरला जा म्हटले, तर ती दुसरी तारीख कोणी पाळणार नाही.

आपला,
एक वाचक, इटियाडोह परिसर
(ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)