संध्याकाळी मिटणाऱ्या पापण्या

सकाळी भराभर कामे उरकणाऱ्या सुनेच्या हातातून दिवेलागणीला तांब्या निसटतो. पापणी मिटू लागते, एकाची दोन माणसे दिसतात, घास चावताना जबडा थकतो, बोलणे नाकातून येते. रात्रभर झोप झाली की बरेचसे पूर्ववत! मग घरचे म्हणतात, ‘नाटक’, ‘आळस’, फार तर ‘अशक्तपणा’. टॉनिकची बाटली येते, चष्म्याचा नंबर बदलतो. आजार तसाच राहतो.

मायस्थेनिया ग्रेव्हिस हे त्याचे नाव. मज्जातंतूचा निरोप ॲसिटिलकोलीन हे रसायन स्नायूपर्यंत नेते. तो स्वीकारणाऱ्या स्नायूवरच्या जागांवरच शरीराची प्रतिपिंडे हल्ला करतात. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार. स्नायू वापरत गेले की निरोप अपुरा पडतो, विश्रांतीने पुन्हा पोहोचतो. म्हणजे ज्या चढउतारामुळे आपण रुग्णावर अविश्वास दाखवतो, तीच या रोगाची खूण आहे.

१९३४ साली लंडनच्या ग्रीनिच भागात डॉ. मेरी वॉकर यांना या रुग्णांत आणि क्युरारे विषाच्या परिणामांत साम्य दिसले. त्या विषावरचा उतारा, फायसोस्टिग्मीन, त्यांनी टोचून पाहिला आणि काही तासांपुरती का होईना, ताकद परतली. त्याच वर्गातले पायरिडोस्टिग्मीन आजही वापरतात. जोडीला स्टिरॉइड वा ॲझाथायोप्रीन, काहींना छातीतील थायमस ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया, गंभीर वेळी प्लाझ्मा बदलणे. अमिताभ बच्चन यांना ऐंशीच्या दशकात हाच आजार झाला. त्यानंतरही ते अनेक दशके पडद्यावर वावरले.

निदानही अशक्य नाही. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवला की ती अनेकदा उघडते. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी आणि मज्जातंतूची विद्युत चाचणी पुढचे सांगतात. पण दवाखान्यात सकाळी गेलेला रुग्ण ठीकच दिसतो! म्हणून संध्याकाळचे छायाचित्र काढावे, कोणत्या वेळी काय जड गेले ते टिपावे. काही प्रतिजैविकांनी हा आजार बळावतो. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांना तो आधी सांगावा. गिळायला वा श्वास घ्यायला त्रास झाला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

तरुण स्त्रिया आणि उतारवयातले पुरुष यांत हा आजार अधिक आढळतो. एकीच्या थकव्याला आपण कामचुकारपणा म्हणतो, दुसऱ्याच्या थकव्याला वय. औषधे आहेत, तज्ज्ञ आहेत. त्यांच्यापर्यंतची वाट मात्र घरातूनच निघते. ‘मला होत नाही’ असे कोणी म्हणाले, तर आधी ते खरे मानावे.