पासष्टच्या अलीकडचा शेतकरी

रात्री धो-धो पाऊस झाला की मेहकर तालुक्यात सकाळी चहाच्या टपरीवर एकच विचारणा असते: मंडळात किती लागला? शिवारात किती पडला, हे फुटलेला बांध पाहून शेतकऱ्याला आधीच कळलेले असते. पण सरकारदरबारी पाऊस शिवारात पडत नाही, महसूल मंडळात पडतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची नोंद झाली तर अतिवृष्टी. काटा चौसष्टवर अडला तर नुसताच पाऊस. डोणगावला ढग रिते होत असताना जानेफळच्या रस्त्यावर धूळ उडत असते, हे इथले शेंबडे पोरही सांगेल. नियमाला मात्र ते ठाऊक नाही. अनेक गावांच्या मंडळाचा पाऊस एका स्वयंचलित केंद्राने ठरवायचा आणि त्यावर पंचनाम्याची आशा टांगायची, असा हा कारभार आहे.

ते केंद्र एकदा जवळून पाहावे. नरसाळ्यात पडलेले पाणी खाली दोन कप्प्यांच्या चिमुकल्या पात्रात उतरते. एक कप्पा भरला की पात्र कलंडते, दुसरा कप्पा वर येतो. प्रत्येक कलंडणे म्हणजे मिलिमीटरचा ठरावीक अंश, आणि ती नोंद थेट दूरच्या संगणकावर जाते. युक्ती नामी आहे. पण नरसाळ्यात लिंबाचा पाला अडकला किंवा कुंभारमाशीने मातीचे घर बांधले, तर मुसळधार पावसातही पात्र हलत नाही आणि आकडा शून्याशी बसून राहतो. डोक्यावर झाडाची फांदी वाढली तरी तेच. नरसाळे साफ करायला अंतराळ संशोधन लागत नाही, एक माणूस आणि एक ब्रश पुरतो. तो माणूस शेवटचा केव्हा आला होता, याची नोंद गावाला कुठेच दिसत नाही.

आता वरचे पाहू. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ झेपावला. ‘नासा’ आणि ‘इस्रो’ यांचा हा संयुक्त रडार उपग्रह ढगांना न जुमानता, दिवसा-रात्री, दर बारा दिवसांनी तीच जमीन पुन्हा तपासतो. ऐन श्रावणात साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहांना विदर्भावर फक्त पांढरा कापूस दिसतो, तोही आभाळातला. तेव्हा जमिनीतली ओल आणि साचलेले पाणी टिपणारे रडार हे शेतीच्या कामाचेच हत्यार आहे. विज्ञानाचे हे दान आम्ही मोकळ्या मनाने स्वीकारतो. प्रश्न त्या दानाचा हिशेब कोण आणि कशाशी ताडून पाहणार, हा आहे.

कारण उपग्रह आता नुसता पाहत नाही, निवाड्यातही बसतो. २०२३ मध्ये राज्याने सततच्या पावसाला आपत्ती मानले. त्यात सलग पाच दिवस किमान १० मिलिमीटर पावसाच्या अटीबरोबर पिकाच्या हिरवेपणाचा, उपग्रहावरून काढलेला निर्देशांकही आला. पीक विम्यात त्याच वर्षी केंद्राने भात-गव्हाच्या उत्पादनाच्या अंदाजात तंत्रज्ञानाला किमान ३० टक्के वजन दिले. पुढच्या खरिपात सोयाबीनही त्या यादीत आले. इथे मेहकरच्या शेतकऱ्याचे कान टवकारले पाहिजेत. पाणी साचून मूळ सडू लागलेले सोयाबीन काही दिवस वरून हिरवेगारच दिसते. काढणीच्या तोंडावर परतीच्या पावसाने शेंगांतल्या दाण्यांना कोंब फुटतात. वरून ते शेत नुसते पिवळे, म्हणजे पक्व. पिवळा मोझॅक पडलेले शेतही पिवळेच. शेंग सोलून पाहिल्याशिवाय यांतले काय खरे, ते उपग्रहाला कळत नाही. तो दोष त्याचा नव्हे. त्याला खालून साक्ष मिळाली पाहिजे.

ही साक्ष कशी असते, हे आपण शेजारीच पाहिले आहे. एकेकाळी मेहकर तालुक्यातच असलेल्या लोणारच्या सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले. मे अखेर हिरवे असलेले पाणी १० जूनला गुलाबी झाल्याचे ‘लँडसॅट ८’च्या चित्रांत जगाने पाहिले. तर्क मात्र शंभर झाले, चमत्कारापासून प्रदूषणापर्यंत. उत्तर मिळाले ते कुणीतरी काठाची चिखलट वाट तुडवून बाटलीत भरलेल्या पाण्यातून. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यात खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव दाखवून दिले. रंग बदलल्याचे आकाशातून कळले, का बदलला ते बाटलीने सांगितले. सरोवराला ही बाटली मिळाली, कारण त्याची कीर्ती जगभर आहे. दोन एकर सोयाबीनला ती कोण देणार?

पैनगंगेच्या काठच्या या तालुक्याला नवे उपग्रह मागायचे नाहीत, ते आहेत. गावपातळीवर पर्जन्यमापक बसवण्याचे धोरण केंद्राने आखले आहे. ते कागदावरून शिवारात उतरायला हवे. तोवर जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत साधे, हाताने मोजायचे पर्जन्यमापक ठेवायला फार पैसे लागत नाहीत. सातवीचा विद्यार्थी रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून वहीत लिहू शकतो, आणि ती वही मंडळाच्या आकड्याला प्रश्न विचारू शकते. विम्याच्या अंदाजात कोणत्या तारखांची चित्रे वापरली आणि कोणत्या शेतांशी ती ताडली, हेही ज्याच्या शेताचा निवाडा होतो त्याला मराठीत वाचायला मिळाले पाहिजे.

जिल्हा प्रशासनाला आमचे सांगणे छोटे आहे. मृगाआधी तालुक्यातल्या प्रत्येक केंद्राचे नरसाळे उघडून पाहा, वरची फांदी छाटा आणि तारीख टाकून तसा कागद केंद्राच्या दारावर लावा. आणि रात्री पाऊस झाला की सकाळी दहाच्या आत तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहा.