बाळंतिणीच्या घरी सहा भेटी, लकव्याच्या घरी एकही नाही

'घरच्यांनीच शिकून घ्या, व्यायाम काही अवघड नसतात.' या आठवड्यात शहापुरातल्या एका आरोग्य व्याख्यानात हे वाक्य ऐकलं आणि मला राग आला. वक्ते चांगले डॉक्टर, कळकळीने बोलत होते. समोरच्या बऱ्याच बायकांच्या घरी नवऱ्याच्या अंगावरून वारं गेलेलं होतं. हात कसा हलवायचा, गुडघा कसा वाकवायचा, दिवसातून किती वेळा, हे सगळं त्यांनी करून दाखवलं. किन्हवलीकडच्या एका बाईंनी मग विचारलं, आवणी चालू आहे, मी शेतावर जाऊ की यांचा हात हलवत बसू? उत्तर मिळालं की वेळ काढावा लागेल.

कुठून काढायचा? आपल्याकडे भाताचं एकच पीक. आवण उपटायचं, चिखल करायचा, पाऊस आहे तोवर लावून घ्यायचं. हे दिवस चुकले तर वर्षभराचा तांदूळ विकत आणावा लागतो. नवरा अंथरुणाला खिळला म्हणजे घरातला एक कमावता हात गेला, आणि बायकोने त्याच्याजवळ बसायचं म्हणजे दुसराही गेला. म्हणून ती पहाटे उठून त्याचं सगळं आवरते, पेज भरवते, गोळी देते, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवते आणि बाहेर पडते. शेत जवळ असलं तर दुपारी एक फेरी मारते. लांब असलं तर तो संध्याकाळपर्यंत एकाच कुशीवर पडलेला असतो. दिवाळीनंतर ज्या कुटुंबांना भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीवर जायचं असतं त्यांची अडचण याहून मोठी. अशा माणसाला भट्टीवर नेता येत नाही आणि पाड्यावर एकटं सोडता येत नाही.

मेंदूचा झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, आणि टोकावड्याहून निघालेल्या माणसाचे हे तास रस्त्यात कसे संपतात, यावर मागे लिहिलं आहे. ते पुन्हा उगाळत नाही. आजचा प्रश्न माणूस वाचला आणि ठाणे, उल्हासनगर किंवा मुंबईहून घरी परत आला, त्यानंतरचा आहे.

'घरच्यांना शिकवा' ही कल्पना आपल्याच देशात मोठ्या प्रमाणावर तपासून झाली आहे. ॲटेंड नावाच्या त्या अभ्यासात भारतातल्या १४ रुग्णालयांमधले १,२५० रुग्ण घेतले होते. निम्म्यांच्या घरच्या माणसांना व्यायाम, उठवणं-बसवणं, रोजची कामं करून घेणं पद्धतशीर शिकवलं. उरलेल्यांना नेहमीसारखे उपचार मिळाले. २०१७ साली लॅन्सेटमध्ये निष्कर्ष छापून आला. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ४७ टक्के होतं आणि दुसऱ्या गटातही ४७ टक्केच. हे काम कुटुंबाच्या अंगावर टाकणाऱ्या सेवांवर आणखी पैसा खर्च करायला या पुराव्याचा आधार नाही, असं संशोधकांनी स्पष्ट लिहिलं. पुढे शोध घ्यायचा तर आरोग्य सहायक किंवा गावपातळीवरचं पथक हे काम करू शकेल का याचा घ्यावा, असंही सुचवलं.

व्यायाम सोपे असतात हेसुद्धा खरं नाही. २०१५ साली लॅन्सेटमध्येच आलेल्या ॲव्हर्ट अभ्यासात २,१०४ रुग्ण होते. पहिल्या चोवीस तासांत उठवून जास्त वेळा, जास्त वेळ हालचाल करायला लावलेले रुग्ण तीन महिन्यांनी इतरांपेक्षा बरे तर नव्हतेच, किंचित मागेच होते. कधी, किती आणि कोणता व्यायाम, हे रोजच्या रोज माणूस पाहून ठरवावं लागतं. ते ठरवणारा माणूस शिकलेला हवा.

तो माणूस गावात येऊ शकतो. आपल्याच तालुक्यात तो दुसऱ्या कामासाठी येतोच आहे, आणि माझा सगळा भर आज त्यावर आहे.

मुरबाड-शहापुरात बाई बाळंत होऊन घरी आली की तिसऱ्या दिवशी आशाताई दारात येते. मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीची भेट वेगळी. ती बाळाचं वजन करते, ताप बघते, श्वास मोजते, नाळ पाहते, दूध नीट ओढतंय का ते बघते. धोक्याचं काही दिसलं तर दवाखान्यात पाठवते. भेटी झाल्याची नोंद होते, आणि त्याबद्दल तिला थोडे का होईना पैसे मिळतात. त्याच आळीत चार घरं सोडून लकव्याचा माणूस परत आला, तर त्याच्या घरी जाण्याचा कोणताही दिवस कुणाला नेमून दिलेला नाही. आशाताई शेजारधर्म म्हणून जाईल, विचारपूस करील. तिच्या हातात तपासायची यादी नाही, शिक्षण नाही, मोबदला नाही.

दोन्ही घरांत सारखं किती आहे बघा. दोन्हीकडे स्वतः कूस बदलू न शकणारं शरीर आहे. दोन्हीकडे घास श्वासनलिकेत जाण्याची भीती, त्वचा जपण्याची गरज, जागरणाने थकलेली एक बाई. आणि दोन्हीकडे सुरुवातीचे आठवडे सर्वांत महत्त्वाचे. लकव्यानंतर शरीर सर्वांत वेगाने सुधारतं ते पहिल्या तीन महिन्यांत. पुढेही सुधारणा होते, पण सावकाश. म्हणजे ज्या काळात मदतीचा सर्वांत जास्त उपयोग होतो, त्याच काळात आपण माणसाला घरी पाठवून मोकळे होतो.

बाळांसाठीची ही व्यवस्था गडचिरोलीतून आली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांच्या घरी पाठवलं. १९९९ साली त्याचे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये आले, तेव्हा त्या गावांमधले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले होते. आयांना उपदेश करून ते थांबले नव्हते. आजार ओळखणारी, औषध देणारी, ठरल्या दिवशी येणारी बाई त्यांनी प्रत्येक गावात उभी केली. २०११ पासून देशभरच्या आशाताई त्याच धर्तीवर घरभेटी देतात. पुढे याच संस्थेने गडचिरोलीतल्या ८६ गावांमधल्या २०११ ते २०१३ या काळातल्या मृत्यूंची कारणं शोधली. सर्वांत मोठं कारण निघालं मेंदूचा झटका. १४.३ टक्के, म्हणजे सातातला एक मृत्यू. ज्या जिल्ह्याने बाळांसाठी घरभेट शोधून काढली त्याच जिल्ह्याने दाखवून दिलं की गावातली माणसं आता लकव्याने जात आहेत. पहिली गोष्ट सरकारने उचलली, दुसरी अजून अहवालातच आहे.

बाळासारखा परिणाम लकव्यातही दिसेल असं मी म्हणत नाही. पण तीन महिन्यांत आठ-दहा वेळा शिकलेलं माणूस घरी आलं तर काय काय टळेल, हे मी पाहिलेल्या घरांवरून सांगू शकते. पहिली गोष्ट गिळण्याची. शुद्धीवर आला म्हणून आडव्या माणसाच्या तोंडात चहा ओततात. तो श्वासनलिकेत जातो, चार दिवसांनी ताप येतो, न्यूमोनिया होतो, आणि सगळे म्हणतात दुसरा झटका आला. सरळ बसवून चमचाभर पाणी देऊन ठसका लागतो का ते पाहायचं, आवाज घोगरा होतो का ते ऐकायचं, एवढं कुणीतरी पहिल्या भेटीत करायला हवं. दुसरी गोष्ट खांद्याची. उठवताना लुळा हात धरून ओढतात किंवा काखेत हात घालून उचलतात. खांदा निखळल्यासारखा होतो, मग तो इतका दुखतो की माणूस व्यायामच करू देत नाही. बायको रोज नेमाने हात हलवते आणि रोज शिव्या खाते. तिचं चुकतंय काय हे दाखवणारं कुणी नसतं. पाठीवरच्या जखमांचं तसंच. दोन तासांनी कूस बदलायला हवी, आणि ती तर आवणीला गेलेली. ते काम मग शेजारची म्हातारी, शाळेतून आलेला मुलगा, भाऊबंद यांच्यात वाटून द्यावं लागतं. हे वाटप बाहेरचं माणूस येऊन सांगेल तरच होतं. घरची बाई शेजाऱ्यांकडे रोज हात पसरू शकत नाही.

गोळ्यांचं काय होतं तेही सांगते. रुग्णालयातून आणलेली पाकिटं संपली की बंद. हात थोडा हलू लागला, आता गोळी कशाला? रक्तदाबाची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते, पण तिथे जाणार कोण? त्याच सुमारास कुणीतरी कबुतराच्या रक्ताची मालिश सांगतं आणि उसने पैसे तिकडे जातात. या बायकांना मी अडाणी म्हणू देणार नाही. दारात येऊन काहीतरी सांगणारं माणूस त्यांना फक्त तिकडूनच भेटलं.

आणि मन. लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. उजवी बाजू गेली तर अनेकदा वाचाही जाते. ऐकलेलं कळतं, पण शब्द जुळत नाही. कुणी उगाच रडतो, कुणी ताट भिरकावतो. मुरबाडजवळच्या एका घरात बायकोला वाटत होतं की मालक आपल्यावर रुसले आहेत, कारण ते तिच्याशी बोलत नव्हते आणि भजनाला मात्र साथ देत होते. मेंदूच्या या आजारात असं होतं, गाणं शाबूत राहतं आणि बोलणं जातं, हे तिला कित्येक महिने कुणी सांगितलं नव्हतं. तेवढे महिने ती बाई स्वतःला दोष देत त्याची घाण काढत होती.

इथे एक गोष्ट ठासून लिहिते, कुणाला रुचो न रुचो. नवऱ्याला लकवा झाला की बायको करते. बायकोला झाला की मी पाहिलेल्या बहुतेक घरांत सून करते, नाहीतर सासरहून लेक बोलावून घेतात. नवरा ओटीवर बसून असतो. बायकोला न्हाऊ घालणारे, तिची वेणी घालणारे नवरे मी आपल्या तालुक्यात पाहिले आहेत, पण थोडे. घरभेटीला येणाऱ्याने नवऱ्याला समोर बसवून शिकवलं, तर त्यालाही लाज मोडायला निमित्त मिळेल. आरोग्य उपकेंद्रात पुरुष आरोग्यसेवक असतात, समुदाय आरोग्य अधिकारी नेमलेले आहेत. अंथरुणाला खिळलेल्यांची आणि वृद्धांची काळजी आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या कामांच्या यादीत कागदावर आहेच. आशाताईंवर आणखी एक फुकटचं काम टाका असं मी म्हणणार नाही. बाळाच्या भेटीचे पैसे देता, तसे याचेही द्या. आणि तालुक्याला एक फिजिओथेरपिस्ट असा द्या, जो आठवड्यातला एकेक दिवस टोकावडे, धसई, किन्हवली, डोळखांबला बसेल. आज खासगी फिजिओथेरपिस्टच्या एका भेटीत बाईची दिवसभराची मजुरी जाते, शिवाय गाडीभाडं वेगळं.

आता खुर्ची. दर काही महिन्यांनी मी कमोडच्या खुर्चीवर येते आणि येत राहणार. गावोगाव बांधलेल्या संडासांत उकिडवं बसावं लागतं. एक बाजू गेलेला माणूस बसू शकत नाही, बसलाच तर उठू शकत नाही. म्हणून चालता येऊ लागलेला माणूससुद्धा अंथरुणातच सगळं करतो, आणि बायकोची कंबर जाते ती इथे. मधोमध भोक असलेली एक खुर्ची, भिंतीला एक दांडी आणि एक वॉकर, एवढ्याने निम्मा भार हलका होतो, अशी माझी खात्री आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. लकव्याने ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व आलेला माणूस प्रमाणपत्र मिळालं की त्यात बसतो. लग्नाची भांडी गावात सामाईक असतात, तशा दोन खुर्च्या आणि दोन वॉकर पंचायतीत का नसावेत? एकाचं काम झालं की दुसऱ्याच्या घरी जातील.

१५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. तोवर आवणी उरकलेली असेल, बायकांना यायला जमेल. या ५ टक्क्यांचा हिशेब विचारा आणि खुर्चीचा ठराव मांडा. आपल्या गावात लकव्याचे किती रुग्ण घरी आहेत, हा आकडा उपकेंद्राला त्याच सभेत मागा. ज्या गावांतून ठराव झाल्याचं कळेल त्यांची नावं ऑगस्टच्या शेवटच्या लेखात याच जागी छापीन.