पारोशाने उतरू नये

पोर्टलंडजवळ हे घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात एक हॉट टब आयताच मिळाला. आधीच्या मालकाने झाकण उघडून दाखवलं, आत निळंशार पाणी, वर वाफा. म्हणाला, "काही करावं लागत नाही, आठवड्याला थोडी पावडर टाकायची." मी मान डोलावली. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाला "काही करावं लागत नाही" या वाक्याची खरं तर भीती वाटायला हवी होती. पण घर घेताना डोकं कुठे ठिकाणावर असतं?

हा टब सगळ्यात जास्त कोणाला आवडला असेल, तर बाबांना. साताऱ्याहून ते सहा महिन्यांसाठी आले होते. वय ७६, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि इथला ऑक्टोबरनंतरचा पाऊस. रोज संध्याकाळी वीस मिनिटं गरम पाण्यात बसले की रात्री झोप लागायची. "अरे, हे तर घरातलं वज्रेश्वरी!" असं म्हणायचे.

मग दिवाळी आली. इथली दिवाळी वीकेंडला येते हे तुम्हाला माहीत आहेच. शनिवारी पहाटे तीन कुटुंबं आमच्याकडे जमली. तेल, उटणं, मोती साबण, सगळं यथासांग. आणि कोणाच्या तरी (माझ्याच!) डोक्यात कल्पना आली की अभ्यंगस्नान टबातच करू. सहा जणांच्या टबात अकरा जण पाळीपाळीने उतरले. तेलाने चपचपलेले केस, अंगाला उटणं, पोरांचा नुसता दंगा. फोटो झकास आले.

दुपारपर्यंत पाण्याचं ताक झालं होतं.

मी दुकानातून पाणी निवळण्याची बाटली आणली. दोन झाकणं ओतली, पंप चालू ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पुन्हा आरपार नितळ! तळाचा स्क्रूसुद्धा दिसत होता. मी खूश. बग फिक्स झाला, तिकीट बंद. संध्याकाळी बाबा, मी आणि लेक असे तिघं नेहमीप्रमाणे जाऊन बसलो.

मंगळवारी लेकीच्या पाठीवर आणि पोटावर लाल पुळ्या उठल्या, नेमक्या पोहण्याच्या कपड्याखाली. डॉक्टरबाईंनी बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घरी हॉट टब आहे का?" स्यूडोमोनास नावाचा जीवाणू केसांच्या मुळाशी शिरतो, त्याचं हे पुरळ. बहुतेकांचं आपोआप बरं होतं, तिचंही झालं. पण मी सहज सांगून गेलो की माझे वडीलही त्याच पाण्यात होते आणि दोन दिवसांपासून खोकतायत. बाईंचा चेहरा बदलला. "त्यांना आजच आणा."

त्यांना शंका होती लेजिओनेलाची. हा जीवाणू गरम पाण्यात वाढतो आणि बुडबुड्यांच्या तुषारांतून श्वासावाटे फुफ्फुसात जातो. वय पन्नासच्या पुढे असेल, फुफ्फुसं कमजोर असतील, तर न्यूमोनिया होऊन जिवावर बेतू शकतं. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोव्हनकार्स्पेल गावी फुलांचं प्रदर्शन होतं. तिथे विक्रीसाठी मांडलेल्या टबाच्या तुषारांमुळे शेकडो लोक आजारी पडले, किमान ३२ दगावले. ही माणसं टबात उतरलीसुद्धा नव्हती, नुसती बाजूने गेली होती!

बाबांची तपासणी झाली, रिपोर्ट येईपर्यंतचा दीड दिवस कसा गेला ते लिहीत नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला, साधी सर्दी होती. बाबा म्हणाले, "उगीच घाबरतोस." मी मात्र त्या रात्री पहिल्यांदा पाण्यात तपासणीची पट्टी बुडवली. क्लोरीन शून्य. पीएच आठच्या वर. आणि पाणी? स्फटिकासारखं.

सांगायचा मुद्दा हा. नितळ पाणी आणि स्वच्छ पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि गंमत म्हणजे हे मला लहानपणापासून माहीत होतं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आजी हंड्यात तुरटी फिरवायची. पाणी निवळायचं. पण आजी ते तसंच कधी प्यायला देत नसे, निवळलेलं पाणी गाळून, उकळून मगच माठात. दुकानातली ती बाटली म्हणजे तुरटीचीच बहीण. बारीक कणांचे गोळे करायचे, म्हणजे ते फिल्टरमध्ये अडकतात. जंतू मारणं हे तिचं कामच नाही. मी पाणी निवळलं आणि उकळायचं विसरलो, एवढाच काय तो प्रकार.

आता थोडं गणित. आमच्या टबात साधारण १५०० लिटर पाणी मावतं. चार माणसं बसली तर माणशी ३७५ लिटर. पंचवीस मीटरच्या पोहण्याच्या तलावात सुमारे ४ लाख लिटर पाणी असतं. तिथे एवढीच गर्दी करायची तर हजारावर माणसं एकदम सोडावी लागतील! त्यात टबाचं पाणी ४० अंश सेल्सियस, म्हणजे घाम भरपूर आणि क्लोरीन झपाट्याने संपणार. बुडबुड्यांमुळे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढत राहतो. पीएच आठवर गेला की असलेल्या क्लोरीनचीही धार बोथट होते. अमेरिकेच्या सीडीसीचा सल्ला साधा आहे: क्लोरीन किमान ३ पीपीएम (ब्रोमीन वापरत असाल तर ४), पीएच ७ ते ७.८. पण हे आकडे टिकवायचे कसे, ही खरी मारामारी.

लोकांचा पहिला उपाय म्हणजे आणखी एक बाटली. फेसाची वेगळी, वासाची वेगळी, चमकीची वेगळी. माझं स्पष्ट मत आहे की यातल्या बहुतेक बाटल्या लक्षणं झाकतात. क्लोरीनचा उग्र वास येतो तेव्हा आपण म्हणतो, "बाप रे, केवढं क्लोरीन!" खरं तर तो वास घाम-लघवीशी झटापट करून थकलेल्या क्लोरीनचा असतो. म्हणजे बहुधा ताजं क्लोरीन कमी पडतंय.

दुसरी टोकाची मंडळी म्हणतात, केमिकल नकोच, ओझोन बसवा, यूव्ही दिवा बसवा. जरूर बसवा. पण दिवा फक्त नळीतून जाणारं पाणी बघतो. टबात शेजारी बसलेल्या माणसाकडून तुमच्याकडे येणाऱ्या जंतूला पाण्यातच अडवणारं काहीतरी लागतंच.

मी काय केलं? आधी नळ्या साफ करण्याचं औषध फिरवलं (आतून जो काळपट चिकटा निघाला त्याचं वर्णन नको), मग टब रिकामा केला, फिल्टर बदलला, पाणी नवं भरलं. आधी अल्कलिनिटी ८० ते १२० मध्ये, मग पीएच, मग क्लोरीन. एका वेळी एकच बदल, मग अर्धा तास पंप, मग पुन्हा पट्टी. दोन पावडरी कधीही एकमेकींत मिसळायच्या नाहीत. पाणी कधी बदलायचं याचंही सोपं सूत्र आहे: टबाचे गॅलन भागिले तीन, भागिले रोजची माणसं. आमचे ३९० गॅलन, रोज दोघं, म्हणजे ६५ दिवस.

पण या सगळ्यापेक्षा जास्त फरक एका फुकटच्या गोष्टीने पडला. आधी अंघोळ. आजीचा नियम होता, पारोशाने पाण्याला हात लावायचा नाही. सोवळ्याओवळ्याच्या नावाखाली या नियमाने माणसांना पाण्यापासून लांबही ठेवलं, ते समर्थनीय नाहीच. माझं कारण निव्वळ रासायनिक आहे. जे तेल, घाम आणि क्रीम मोरीत वाहून जातं, ते खाण्यात टबातलं क्लोरीन वाया जात नाही.

अडचण एकच. घरी आलेल्या पाहुण्याला "आधी अंघोळ करा" कसं म्हणायचं? आपल्याला संकोच वाटतो. मलाही वाटायचा, आता वाटत नाही. दारावर पाटी लावली आहे, मराठीत: "पारोशाने उतरू नये." एक मित्र थोडा रागावला. चालेल. त्या दीड दिवसापेक्षा त्याचा राग परवडला.

असो. बाहेर पाऊस लागलाय. तुमच्याकडे टब असेल तर आज एक पट्टी बुडवून बघा, पाणी कितीही नितळ दिसत असलं तरी.