निमंत्रण कोणाला, उत्तर कोणाचे?

वैशाख लागला की पेण-रोह्याच्या परिसरात मांडव उभे राहू लागतात. खारेपाटातील आगरी-कोळी गावे, कुंडलिकेच्या काठच्या वाड्या, दोन्ही शहरांतील नव्या सदनिका, सगळीकडे लग्नांची एकच गर्दी उसळते. पूर्वी ह्या दिवसांत अक्षत घेऊन दारोदार फिरणारी माणसे रस्त्यात भेटत. आता एखाद्या दुपारी खिशातला फोन थरथरतो आणि गणपतीच्या चित्रासह, सनईच्या सुरांसह पत्रिका पडद्यावर उमटते. परगावी नोकरीस असलेल्यांना आणि परदेशस्थांना ती ई-मेलने जाते. वडीलधाऱ्यांना ह्यात अनादर दिसतो. तरुणांना वेळ, कागद आणि पेट्रोल वाचल्याचा आनंद असतो. ह्या वादात दोन्ही पक्षांच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. निमंत्रण पोहोचविण्याचे साधन बदलले, हा बदल वरवरचा आहे. निमंत्रण ज्या घटकाला द्यावयाचे तो घटकच मधल्या काळात बदलून गेला आहे.

जुनी भाषा ह्या बाबतीत काटेकोर होती. पाणिनीच्या एका सूत्रावर चर्चा करताना व्याकरणकारांनी निमंत्रण आणि आमंत्रण ह्यांत भेद केला आहे: जे स्वीकारणे बंधनकारक ते निमंत्रण, जे स्वीकारणे मर्जीवर ते आमंत्रण. आपल्या खेड्यांनी हा भेद संस्कृत न शिकता आपल्या पद्धतीने पाळला. 'घरटी एक' असे बोलावणे आले की घरातील एक माणूस जाई. 'चूलबंद' बोलावणे आले की त्या दिवशी चूल पेटवावयाचीच नाही. म्हातारी, तान्हे मूल, घरी आलेला पाहुणा, सगळ्यांनी मांडवात जेवावयाचे. बोलावणे चुलीला होते. किती माणसे येणार हा प्रश्न कोणी कोणाला विचारीत नसे, कारण तो विचारण्याची गरज नव्हती. भात भावकीच्या खाचरातला, लाकूडफाटा डोंगरातला, भांडी गावकीची आणि रांधणारे हात शेजारचे. दहा माणसे अधिक आली तर आमटीत पाणी वाढे. ह्या घरी आज राबलेले हात उद्या दुसऱ्या घरी राबत आणि हिशेब असा पिढ्यान्‌पिढ्या उघडाच राही.

आज अन्न ताटाच्या भावाने विकत घेतले जाते. सभागृहाचे भाडे तासांवर, केटररचा हिशेब ताटांवर. यजमानाने पाचशे ताटे सांगितली आणि तीनशे माणसे आली, तरी पैसे पाचशेचेच द्यावे लागतात. उरलेले अन्न रात्री कोठे जाते हे सभागृहाच्या मागील बाजूस जाऊन पाहावे. म्हणजे 'येणार की नाही' हे आधी कळविण्याची गरज पाश्चात्त्य शिष्टाचारातून आपल्याकडे आली, ही समजूत अपुरी आहे. ती रोखीच्या व्यवहारातून आली. ताट ही विक्रीची वस्तू झाली त्याच दिवशी उत्तर हे यजमानाच्या खिशाशी निगडित झाले. आपल्या सवयी मात्र चूलबंद काळातल्याच राहिल्या. निमंत्रण वाचावयाचे, अंगठ्याचे चित्र पाठवावयाचे आणि त्या दिवशी मनाला येईल तसे वागावयाचे.

परंतु म्हणून जुन्या बोलावण्याचे गोडवे गाणाऱ्यांना साथ देणे आपल्याला शक्य नाही. अक्षत घेऊन निघालेला माणूस गावाच्या नकाशाबरहुकूम चाले आणि तो नकाशा जातींचा होता. प्रथम खोताचे घर, मग भावकी, मग इतर. वेशीबाहेरच्या वस्तीला हाक बाहेरूनच. पंगती वेगळ्या, पाणी वेगळे, आणि काहींच्या वाट्याला पंगत उठल्यानंतरचे अन्न. कुळांच्या बाबतीत तर खोताच्या घरच्या लग्नाचे बोलावणे म्हणजे राबावयास बोलावणे असे. लाकडे फोडणे, मांडव घालणे, ओझी वाहणे ही वेठ होती आणि तिला निमंत्रण म्हणण्याची सोज्वळ पद्धत होती. खोती नाहीशी करणारा कायदा १९४९ साली झाला. तोवर हे चालले आणि नंतरही सवयीने काही काळ चालत राहिले. पेण-रोह्यापासून फार दूर नसलेल्या महाडला, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चवदार तळ्याच्या पाण्यापाशी गेली, तेव्हा त्यांना कोणी बोलावलेले नव्हते. महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव कागदावर होता. गावातील फारसे कोणी त्यांना 'या, पाणी घ्या' असे म्हणावयास पुढे आले नाही, उलट मार पडला. कागदावरचे आमंत्रण आणि दारातले आमंत्रण ह्यांत किती अंतर असू शकते, हे ह्या जिल्ह्याने तेव्हाच पाहिले.

आणि विधवांचे काय? हळदीकुंकवाचे बोलावणे करणारी बाई आळीतून जाताना एखादे दार न वाजवता पुढे जाई. त्या दाराआडच्या बाईला पावलांचा आवाज ऐकू येत असे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांना अवमानित करणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना ते उदाहरण घालून दिले. ठरावाने रूढी मरत नाही हे खरे. पण येथे नव्या साधनाचा एक अनपेक्षित गुण लक्षात घ्यावा. सोसायटीच्या वा आळीच्या गटावर 'सर्व भगिनींनी यावे' असा संदेश टाकला की तो कोणाच्या कपाळाकडे न पाहता प्रत्येकीच्या हातात पोहोचतो. यंत्राला दार चुकविता येत नाही. ती बाई तेथे गेल्यावर तिला कुंकू लावले जाते की करंडा तिच्यापुढून सरकतो, ही परीक्षा मात्र माणसांची आहे.

साधने स्वस्त होत गेली, हा इतिहास तसा लांबचा आहे. १८७९ साली हिंदुस्थानात पोस्टकार्ड आले आणि सामान्य माणसाचे क्षेमकुशल स्वस्त झाले. तारखात्याने शुभेच्छांच्या ठरीव वाक्यांना क्रमांक दिले होते. फॉर्मवर केवळ आकडा लिहावा आणि वधूवरांना छापील आशीर्वाद पोहोचावा, अशी व्यवस्था होती. आजच्या अंगठ्याच्या चित्राला हसणाऱ्या ज्येष्ठांनी तो आकडा आठवावा. ती तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी खुले झाले, पुढच्या वर्षी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ ह्यांच्या हॉटमेलने ई-मेल फुकट केला, आणि निमंत्रणाचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्यावर आला. ज्या वस्तूला खर्च येत नाही ती उधळली जाते. पायपीट करून बोलावणे करावे लागे तेव्हा यादीतील प्रत्येक नावावर विचार होई. आता यादीच नसते. फोनमधील सारी नावे एकदम निवडली जातात. घेणाऱ्यालाही ते कळते. आपल्याला बोलावले आहे की आपण फक्त यादीत सापडलो, हे त्याला ठरविता येत नाही, म्हणून तो उत्तरही देत नाही. छापील पत्रिकांवरील 'नजरचुकीने निमंत्रण राहिल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे' हे वाक्य पूर्वी अपवादासाठी होते. आज तो नियम झाला आहे. एप्रिल २०२१ मध्ये महासाथीच्या निर्बंधांत राज्य शासनाने लग्नाला पंचवीसच माणसांची आणि दोन तासांची मर्यादा घातली, तेव्हा कित्येक घरांना पुन्हा यादी करावी लागली. ती करताना आपली खरी माणसे कोण, ह्यावर रात्री जागविल्या गेल्या असतील.

ई-मेलची बाजू येथे घेतली पाहिजे. गटावरच्या गोंगाटापेक्षा तो पत्राच्या अधिक जवळचा आहे. त्याला मायना असतो, विषय असतो, एकाच माणसाला उद्देशून चार ओळी लिहिण्याची सोय असते आणि उत्तराला अवधी असतो. परदेशातील महाराष्ट्र मंडळांनी ह्या साधनाचा शिस्तबद्ध उपयोग रूढ केला. पेणच्या कार्यशाळांतून बोटीने गेलेल्या गणेशमूर्ती तेथील सभागृहांत बसतात, पण आरतीनंतरच्या जेवणाला किती जण येणार हे सभासदांनी आधी कळवावयाचे असते. पेणमध्ये मात्र गणपतीच्या दर्शनाला बोलावणे लागतच नाही. माणूस वाटेने जाताना आत शिरतो, हात जोडतो, प्रसाद घेतो. रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस तिला मानवंदना देतात आणि देवच आळीआळीने भक्तांच्या दाराशी येतो. अशा सणांवर उत्तराची शिस्त लादण्यात शहाणपण नाही. परंतु जेथे ताट मोजले जाते तेथे उत्तर देणे ही सभ्यतेहून अधिक, श्रमाच्या मोबदल्याशी संबंधित गोष्ट आहे. यजमान बहुधा मध्यमवर्गीय नोकरदार किंवा छोटा शेतकरी असतो. त्याने पतपेढीचे कर्ज काढलेले असते. न आलेल्या दोनशे ताटांचे व्याज तो वर्षभर भरतो. 'आम्ही दोघे येऊ, आईला प्रवास झेपणार नाही, मुलांची परीक्षा आहे' एवढे लिहावयास दोन मिनिटे लागतात. 'येऊ शकत नाही' हे लिहावयास तर त्याहूनही कमी. पण नकार लिहिणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते आणि न जाणे वाटत नाही.

नकाराचीही एक थोर परंपरा आहे. गांधीजींनी अखेरच्या वर्षांत असा नियम केला होता की वधूवरांपैकी एक जण अस्पृश्य मानलेल्या समाजातील असेल त्याच विवाहाला आपला आशीर्वाद. निकटच्या माणसांची निमंत्रणेही ह्या कसोटीवर पाहिली गेली. हुंड्याच्या लग्नाला न जाण्याचा निश्चय आपल्यातील पुष्कळांनी तारुण्यात केला. पण तो पाळताना बहुतेकांनी त्या दिवशी आजारी पडण्याचा मार्ग पत्करला. कारण लिहून कळविणारे थोडे. गैरहजेरीचे कारण यजमानाला कळलेच नाही, तर त्या गैरहजेरीचा उपयोग काय? (नोंदणी विवाहाचे एक जाता जाता सांगण्यासारखे आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत लावली जाते. साऱ्या जगाला उद्देशून असलेली ही एकच पत्रिका, आणि ती बोलावते ते हरकत घेणाऱ्यांना.)

ह्या सगळ्या चर्चेत ज्यांच्याकडे ना ई-मेल ना धड चालणारा फोन, ती माणसे सहज गळतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. जिल्ह्यातील कित्येक गावांची वीज आणि मोबाइल दिवसेंदिवस बंद राहिले, तेव्हा निरोप पुन्हा पायांवर आले. पेण आणि रोहा तालुक्यांच्या डोंगरपट्टीतील कातकरी वाड्यांना त्या दिवसांचे फारसे नवल वाटले नसावे. शासनाने आदिम जमात म्हणून नोंदलेला हा समाज दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातो आणि पावसाच्या तोंडावर परततो. त्यांची लग्ने अनेकदा ठेकेदाराकडून घेतलेल्या उचलीवर होतात आणि ती उचल नवराबायकोने मिळून भट्टीवर फेडावयाची असते. शेजारच्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात लग्नाच्या कर्जापायी सावकाराकडे राबणाऱ्या आदिवासीला 'लग्नगडी' असे नावच होते. १९४५ पासून गोदावरी परुळेकरांच्या बरोबरीने वारली उठले ते ह्याच गुलामीविरुद्ध. वेठबिगारीला बंदी करणारा केंद्राचा कायदा १९७६ चा आहे. उचल अजून आहे.

ह्या वाड्यांतून शहरात, गावात येणारे निमंत्रण तोंडी असते. घरकामाला येणारी बाई, कुंपण घालणारा गडी, बागेत राबणारा माणूस ओटीवर उभा राहतो आणि म्हणतो, 'पोरीचं लगीन हाय, यायला पायजे.' ते चूलबंद बोलावणे असते. तिकडे ताटांची मोजणी नाही. आपल्याकडच्या सुशिक्षित घरांत ह्याला एक ठरलेले उत्तर आहे. आतून पाकीट आणावयाचे, त्यात नेहमीपेक्षा थोडे अधिक घालावयाचे, साडी द्यावयाची आणि तारीख नीट न ऐकता 'बघू, जमलं तर' म्हणावयाचे. पाकीट देणारा स्वतःला उदार समजतो. घेणाऱ्याला उत्तर मिळालेले असते. अमेरिकेतल्या भाच्याच्या ई-मेलला त्याच रात्री उलट टपाली आशीर्वाद जातो, आणि चार किलोमीटरवरच्या वाडीतल्या मांडवात ह्या घरातून कोणी गेलेले नसते. रस्ता कच्चा आहे, ऊन फार आहे, तेथे बसावयाचे कोठे, ही कारणे सांगितली जातात. पोरीच्या आईला ती ठाऊक असतात. तरीही पुढच्या पोरीच्या वेळी ती पुन्हा ओटीवर येऊन बोलावणे करते आणि दारात उभी राहून, उत्तरासाठी थोडा वेळ थांबते.